ताटातला भात आणि अंगावरचे वजन

पोटाचा घेर वाढला, गुडघे दुखू लागले, रक्तात साखर निघाली, की आपल्याकडचा माणूस दवाखान्यातून एक छापील कागद घेऊन घरी येतो. त्या कागदावरची पहिली ओळ बहुधा एकच असते : भात बंद. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी ज्यांच्या गावांची ओळख, ज्यांच्या दारापुढे खाचरे आणि खाचरांपलीकडे डोंगर, त्यांना भात बंद करायला सांगणे सोपे आहे. त्यांनी तो बंद करणे मात्र सोपे नाही.

असा एक कागद काही वर्षांपूर्वी आमच्याही घरी आला. आईने तो खिळ्याला अडकवला आणि अठरा दिवस इमानाने पाळला. दोन्ही वेळा चपाती. एकोणिसाव्या दिवशी घरात इंद्रायणीचा वास दरवळला आणि ती म्हणाली, "भात खाल्ल्याबिगर ज्येवल्यासारखं वाटत न्हाई." त्या दिवशी तिने तीन वाढण्या भात खाल्ला. उतरलेले दोन किलो पुढच्या महिन्यात परत आले, वर आणखी एक घेऊन आले. कागद तसाच खिळ्याला राहिला. आम्ही आजूबाजूला चौकशी केली, तेव्हा कळले की असे कागद बहुतेक घरांतून आहेत आणि त्यांची गत हीच आहे.

म्हणून भात न सोडता वजन उतरवता येते काय, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. त्या शोधात 'ग्लायसेमिक निर्देशांक' हा शब्द वारंवार भेटला. हल्ली तो बिस्किटांच्या पुड्यावर आणि पिठाच्या पिशवीवरही छापलेला दिसतो. त्याचा अर्थ काय, तो आपल्या मावळच्या चुलीवर कितपत उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, हे सभासद बंधू-भगिनींना व विशेषतः विद्यार्थ्यांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. जे मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनी आहारातील कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. औषध तेच आणि भात अर्धा, असे झाले तर साखर एकाएकी खाली जाऊ शकते.

निर्देशांक म्हणजे काय?

पूर्वी असे मानत की साखर रक्तात लवकर चढते आणि भात, पाव, बटाटा हे पिष्टमय पदार्थ सावकाश चढतात. १९८१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष मोजून पाहिले. त्यांनी ६२ पदार्थ निवडले. प्रत्येक पदार्थ ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील एवढाच निरोगी माणसांना खायला दिला आणि पुढे दोन तास ठरावीक अंतराने रक्तातील साखर तपासली. ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर साखर जेवढी चढते तिला १०० धरले आणि बाकीचे पदार्थ त्या मानाने बसवले. हाच ग्लायसेमिक निर्देशांक. ५५ पर्यंत तो कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० व त्यावर जास्त समजतात.

मोजणीत जुनी समजूत पार उलटली. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तक्त्याप्रमाणे साध्या साखरेचा निर्देशांक सुमारे ६५ आहे, तर उकडलेल्या बटाट्याचा ७८, पांढऱ्या पावाचा ७५ आणि पांढऱ्या भाताचा ७३. म्हणजे वडापावात वरचा पाव आणि आतली भाजी दोन्ही साखरेच्या पुढे! त्याच तक्त्यात चपाती ५२, केळे ५१, दूध ३९, मसूर ३२, हरभरा २८, राजमा २४ आणि सोयाबीन १६ आहे.

साखर लवकर चढली काय आणि सावकाश चढली काय, वजनाशी तिचा संबंध काय, असे कोणी विचारील. लोणावळ्याचा पाऊस डोळ्यांपुढे आणा. उघड्या कातळावर पडलेले पाणी क्षणात ओढ्याला मिळते, ओढा दुथडी भरतो आणि पाऊस थांबताच तासाभरात खडक उघडे पडतात. तोच पाऊस बांध घातलेल्या खाचरात पडला तर पाणी हळूहळू मुरते आणि जमीन पुढे कित्येक दिवस ओली राहते. पांढरा मऊ भात नुसता खाल्ला की रक्तात असाच लोंढा येतो. तो आवरण्यासाठी शरीर इन्शुलिन भरपूर सोडते, साखर पेशींत आणि चरबीत रवाना होते, आणि पुष्कळ जणांना दोन-तीन तासांत पुन्हा खा-खा सुटते. मग चारला चहा-खारी, सहाला भजी. निर्देशांक कमी असलेले जेवण बांधासारखे काम करते. त्याच्या अंगी वजन जाळण्याची काही शक्ती नसते. ते भुकेला थोपवते, एवढेच. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आपलीच शरीरे अशी का?

"आमच्या आजा-पणजांनी काय कमी भात खाल्ला?" हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो, आणि प्रश्न रास्तच आहे. त्यांनी आपल्याहून जास्त खाल्ला असेल, ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी. परंतु त्यांनी चिखलणी केली, भर पावसात वाकून आवणी केली, भारे वाहिले, स्टेशन गाठायला कोसकोस चालले. आज त्यांची नातवंडे तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आठ तास यंत्रापुढे उभी असतात किंवा कार्यालयात बसतात, कंपनीच्या बसने जातात आणि बसने येतात. काम बदलले, ताट मात्र तेच राहिले. ताटातला भात तर अधिक पांढरा झाला.

यात शरीराच्या घडणीचाही भाग आहे आणि त्याचा मोठा अभ्यास आपल्या पुण्यातच झाला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास चालवला. त्यांना असे आढळले की आपल्याकडची नवजात बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. वरून बारीक, आतून लठ्ठ. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र छापून आले होते. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! अभ्यास करणाऱ्याने स्वतःचेच शरीर पुराव्याला ठेवावे, हे आम्हाला फार आवडले.

यावरून पट्टीचा हिशेबही आपल्यासाठी वेगळा ठरला आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १ मीटर ६० सेंटिमीटर आणि वजन ६० किलो असेल तर उत्तर २३.४ येते. युरोपात हे ठीक समजतील. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्याहून सोपे म्हणजे कंबर मोजावी. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. शिवणकामाची टेप घरोघर असते, तिला खर्च नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख असल्याचे दिसले. आपल्या सभासदांना हा रोग परका नाही. बाबासाहेबांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतोच. १९४८ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांचे पथ्य-औषध त्यांनीच सांभाळले.

आणखी एक गोष्ट आहे, ती कागदावर कोणी लिहीत नाही. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला कण्या, नाचणी, वरी, हुलगे आणि दुसऱ्याने दिलेले शिळे तुकडे आले. पांढरा स्वच्छ भात आणि मऊ चपाती हे आपल्या घरात शिक्षणाबरोबर, नोकरीबरोबर आले. पाहुण्यापुढे हुलग्याचे माडगे ठेवायला आजही आपल्या बायकांचा हात मागे येतो, तो उगाच नव्हे. तेव्हा "पूर्वीचे खा" असा उपदेश शहरातला माणूस करतो तितक्या सहज आम्ही करणार नाही. नाचणी खावी ती तिच्यातील कॅल्शियमसाठी आणि तंतूंसाठी, कोणाच्या उपदेशासाठी नव्हे.

भात : कोणता, कसा शिजवलेला, कशाबरोबर

मावळात जो तांदूळ आज घरोघर आहे तो इंद्रायणी. तो इथलाच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तो १९८७ साली प्रसारित केला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८ चे उत्पन्न एका लोंबीत आले, म्हणून शेतकऱ्याने तो डोक्यावर घेतला. तो किंचित चिकट शिजतो आणि तेच आपल्याला आवडते.

परंतु चिकटपणा हीच निर्देशांकाच्या दृष्टीने अडचण. तांदळाच्या पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकार असतात. अमायलोज सरळ साखळीचे, घट्ट बसणारे, सावकाश पचणारे. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचे, पाचकरसांना चहूकडून धरता येणारे. मोकळ्या शिजणाऱ्या तांदळात सर्वसाधारणपणे अमायलोज जास्त असते, चिकट तांदळात कमी. म्हणून इंद्रायणी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. तो शिजवण्याची रीत पाहावी, असे म्हणतो.

भात जितका मऊ, जितका फुटलेला, तितका लवकर पचतो. कुकरच्या चार शिट्यांनी गिचका झालेला भात, गुरगुट्या भात, पेज ही आजाऱ्याची जेवणे आहेत, कारण ती पोटाला कष्ट देत नाहीत. वजन उतरवणाऱ्याला मात्र पोटाला थोडे कष्टच द्यायचे असतात. तांदूळ जुना असावा, पाणी बेताचे असावे, शीत अख्खे राहावे आणि चावावे लागावे. हातसडीच्या तांदळाचा आकडा ६८ आहे, म्हणजे पांढऱ्याहून फार कमी नाही. पण त्यात तंतू आणि ब जीवनसत्त्वे राहतात आणि तो कमी खाल्ला जातो. कोकणातील उकड्या तांदळाचा निर्देशांकही सर्वसाधारणपणे साध्यापेक्षा कमी असतो. मावळात त्याला कोणी विचारत नाही, तो भाग निराळा. दाणा दळला की तो अधिकच वेगाने पचतो. त्यामुळे तांदळाची भाकरी हा भाताला पर्याय नव्हे.

हाच न्याय नाचणीला लागू आहे. नाचणी म्हटले की निर्देशांक कमी, असा समज २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात फार पसरला. बारीक पिठाची आंबील किंवा पेज काही सावकाश चढत नाही. आंतरराष्ट्रीय तक्त्यात भरडधान्याच्या लापशीचा आकडा ६७ आहे. ज्वारीच्या भाकरीचे आकडेही काही ठिकाणी सत्तरच्या वर मोजले गेले आहेत. तरीही एका भाकरीने पोट भरते आणि चावायला वेळ लागतो, हा भाकरीचा खरा गुण आहे. तो तक्त्यात दिसत नाही.

आता शिळा भात. शिजलेला भात थंड झाला की त्यातील काही पिष्ट पुन्हा घट्ट होते आणि लहान आतड्यात पचत नाही. रात्रभर शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केलेला भात ताज्या भातापेक्षा साखर कमी चढवतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा फोडणीचा भात अगदीच वाईट नाही, फोडणीत तेलाचे पळे ओतले नाहीत तर. मात्र भात उघड्यावर, विशेषतः उन्हाळ्यात, रात्रभर ठेवू नये. त्यात वाढणारे काही जंतू असे विष सोडतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही आणि उलट्या होतात. तासा-दोन तासांत तो शीतकपाटात जावा. ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी ही युक्ती सोडून द्यावी.

भात कशाबरोबर खातो, यावर तर निम्मे अवलंबून आहे. प्रथिने, तंतू आणि आंबट रस ही तिन्ही पोटातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात. चिंच, आमसूल, लिंबू, ताक आपल्या स्वयंपाकात आहेतच. उणीव आहे ती डाळीची. आपल्या घरच्या आमटीत डाळ शोधावी लागते, आणि त्याचे कारण आळस नव्हे. तांदूळ आणि गहू रेशनवर मिळतात, घरच्या शेतात पिकतात. डाळ दुकानातून बाजारभावाने आणावी लागते. जे स्वस्त तेच वेगाने चढणारे, असा हा पेच आहे. यावर आम्ही काढलेली वाट अशी : तूरडाळीच्या मागे न लागता हुलगे, मटकी, चवळी, मसूर, पावटा, काळा घेवडा असे जे स्वस्त मिळेल ते आठवडाभर फिरवत ठेवायचे आणि शक्यतो अख्खे शिजवायचे. हुलग्याचे शेंगोळे, मोड आलेल्या मटकीची उसळ, पावट्याची आमटी यांतले काही नवे नाही. अंडे, ओढ्याचे खेकडे, सुकट, बोंबील यांत पिष्ट जवळजवळ नसतेच. आखाड-श्रावणात टाकळा, कुरडू, भारंगी, चिवळ या रानभाज्या डोंगरावर फुकट मिळतात. आधी भाजी-उसळ आणि नंतर भात, असा क्रम ठेवला तरी साखर कमी चढते. लहान मुले भाताने सुरुवात करतात, त्यांना ही सवय लावणे सोपे जाते, मोठ्यांना नाही.

आकडा फसवतो तो इथे

पुष्कळ वाचक निर्देशांकाचा तक्ता मिळाला की त्यातील खालचे आकडे शोधून तेच भरपूर खाऊ लागतात. त्यांनी पुढचे तीन आकडे पाहावेत. उकडलेला बटाटा ७८, बटाट्याचे तळलेले वेफर ५६, आइस्क्रीम ५१. आता वेफर आणि आइस्क्रीम खाऊन कोणाचे वजन उतरले आहे काय? तेल-तुपाने पचन मंदावते म्हणून आकडा उतरतो. कॅलरी मात्र चढतात. लोणावळ्याची चिक्की हेही असेच उदाहरण. शेंगदाण्याचा निर्देशांक फार कमी, म्हणून चिक्की आरोग्याची, असे पर्यटकाला सांगता येईल. पण १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, गुळात सुमारे ३८०, आणि निम्मे-निम्मे धरले तर १०० ग्रॅम चिक्कीत पावणेपाचशेच्या आसपास. एक लहानसा चौकोन खावा. पाव किलोचे पाकीट गाडीत बसून संपवू नये. गुळाने वजन वाढत नाही हा समज तर अगदीच खोटा.

दुसरी फसगत मापाची. निर्देशांक वेग सांगतो, किती खाल्ले ते सांगत नाही. कलिंगडाचा आकडा ७६, म्हणून पुष्कळ जण त्याला भितात. पण कलिंगडात बहुतांश पाणीच, एका फोडीत कर्बोदके ती किती? यासाठी पुढे 'ग्लायसेमिक भार' ही कल्पना आली : खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्रॅम गुणिले निर्देशांक, भागिले १००. विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्याला ७३ ने गुणून १०० ने भागले की भार ५७ येतो. तोच तांदूळ ५० ग्रॅम घेतला तर भार २८. सोबत ३० ग्रॅम मसुरीची घट्ट आमटी घेतली तर तिचा भार पाच-सहाच्या पुढे जात नाही. एकूण ३४. ताट भरलेले, पोट भरलेले आणि लोंढा जवळजवळ निम्मा. हातसडीचा आणला आणि १०० ग्रॅम खाल्ला तर भार ५३ राहतो. म्हणजे तांदळाची जात बदलून जे साधत नाही ते मापाने साधते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण पुस्तकविक्रेते ती सांगत नाहीत. निर्देशांक कमी ठेवल्याने वजन किती उतरते, याची जगभरच्या प्रयोगांवरून वैद्यकीय तज्ज्ञांनी वेळोवेळी छाननी केली आहे. कॉक्रेन संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात इतर आहारांपेक्षा साधारण एक किलोचा जादा फायदा दिसला होता. २०२३ च्या नव्या आढाव्यात तर वजनात बहुधा फारसा फरक पडत नाही, असे निघाले. दुसरीकडे २०१० साली युरोपातील आठ देशांत ७७३ लोकांवर झालेल्या एका प्रयोगात, आधी वजन उतरवलेल्यांपैकी ज्यांना थोडी जास्त प्रथिने आणि कमी निर्देशांकाचे अन्न मिळाले त्यांचेच वजन पुन्हा चढले नाही आणि पथ्य सोडून जाणारेही त्यांच्यात कमी होते. दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. वजन उतरते ते कमी खाल्ल्याने. कमी निर्देशांकाचे अन्न ते कमी खाणे सोसायला मदत करते. आमच्या आईचा कागद ज्या एकोणिसाव्या दिवशी फाटला, त्या दिवसासाठी हे शास्त्र आहे.

प्रसेनजिताचा भात

कमी कसे खावे, याची एक जुनी हकीकत संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही की भात बंद सांगितला नाही. जो स्मृती ठेवून खातो आणि मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणतो त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजाजवळ सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. पुढे राजा हळूहळू नाळीभर तांदळावर आला. द्रोणापुढे नाळी हे फारच लहान माप.

अट्ठकथेत याची रीतही दिली आहे आणि आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. राजा शेवटचा घास उचलील तेव्हा गाथा म्हणायची, राजाने तो घास टाकायचा, त्या घासातील शिते मोजायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. म्हणजे कपात ताटात नाही, पातेल्यात. एका दिवसात नाही, एका घासाने. आजचा आहारतज्ज्ञ याहून वेगळे काय सांगतो? भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत आणि पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासकही तो नियम पाळतात. तेच अन्न रात्री उशिरा खाल्ले तर सकाळपेक्षा साखर जास्त चढते, हे आता मोजून दिसले आहे. रात्रपाळी करणाऱ्यांना हे जमणार नाही. पण बाकीच्यांनी जेवण रात्री दहावरून आठवर आणायला हरकत नसावी.

कपात पातेल्यात का करायची, हे घरातल्या बाईला विचारावे. जास्तीचा भात शिजला की तो उरतो, उरलेले टाकवत नाही, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर ती एकटी बसून तो संपवते. आपल्या आया-बहिणींचे वजन त्यांच्या भुकेने वाढलेले नाही, ते पातेल्याच्या तळाने वाढले आहे. त्यांना "तू कमी खा" म्हणणे हा अन्याय आहे. कमी शिजवा, आणि तिला बरोबर बसवून जेवा.

आमच्या घरी आम्ही असेच केले. घरात पाच माणसे आणि तांदळाच्या डब्यात एक जुनी पितळी वाटी. रोज रात्री चार वाट्या लागत. पहिल्या आठवड्यात चार वाट्यांतून फक्त एक मूठ परत डब्यात टाकली. कोणाच्या लक्षातही आले नाही. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक मूठ, आणि आमटीत मूठभर मसूर वाढवला. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याने कुरकुर केली, तेव्हा उसळ वाढवली आणि भात तिथेच थांबवला. दोन आठवडे पुढे गेलोच नाही. असे करीत पाच महिन्यांत अडीच वाट्यांवर आलो. आईचे वजन त्या काळात साडेचार किलोंनी उतरले. फार नाही. पण त्यातले एकही किलो अजून परत आले नाही आणि विहाराच्या पायऱ्या ती कठड्याला न धरता चढते. भात ती आजही दोन्ही वेळा खाते.

दवाखान्याचा कागद पिवळा पडला होता, तो परवा काढून टाकला. त्या खिळ्याला आता शिवणकामाची टेप आहे. एक अडचण मात्र झाली आहे : रात्रीचा भात उरतच नाही, त्यामुळे सकाळी फोडणीचा भात हवा असला की धाकट्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे लागते.